बेळगावात मिळणारे कॅशमियर स्वेटर : मऊपणाला भुललात की गोळे आलेच

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की बेळगावात स्वेटर टांगले जातात. खडे बाजार, गणपत गल्लीतल्या दुकानांत लुधियानाचा माल येतो, रस्त्याकडेला स्टॉल लागतात आणि एखाद्या मंगल कार्यालयात दहा-पंधरा दिवसांचं ‘काश्मिरी’ प्रदर्शन भरतं. अशा प्रदर्शनांत ‘कॅशमियर’ किंवा ‘पश्मिना’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू खपवल्या जातात. पहिली, पाच आकडी किमतीचा खरा दोन पदरी (दोन धागे एकत्र पिळलेल्या सुताचा) स्वेटर. दुसरी, मेरिनो या मेंढीच्या बारीक लोकरीत थोडं कॅशमियर घातलेला, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मिळणारा. तिसरी, दीड-दोन हजारांत ‘एकदम प्युअर’. तिसरीपासून सुरुवात करू, कारण ती लवकर उरकते.

कॅशमियर म्हणजे शेळीच्या राठ केसांखाली थंडीपुरती येणारी लव; काश्मीर-लडाखकडे तिलाच पश्मिना म्हणतात. लडाखच्या चांगथांग पठारावर, ४,००० मीटरच्या वर, चांगपा लोक ज्या चांगथांगी शेळ्या पाळतात त्यांची लव १२ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची असते. माणसाचा केस ७०च्या आसपास. थंडी सरली की शेळी ती आपोआप सोडायला लागते, तेव्हा लांब वाकड्या दातांच्या फणीनं विंचरून काढतात. एका शेळीमागे वर्षाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास कच्चा माल धरा. त्यातले राठ केस, कोंडा, माती काढली की निम्म्याहून कमी उरतं; शंभर ग्रॅम उरलं तर चांगलं. मध्यम मापाच्या पुरुषी स्वेटरला अडीचशे ते तीनशे ग्रॅम सूत लागतं, कताईतली घट वेगळी. म्हणजे एका स्वेटरात तीन शेळ्यांचं अख्खं वर्ष जातं. कच्च्या लवेलाच लडाखात किलोमागे काही हजार रुपये पडतात. पाऊण किलो कच्चा माल, त्याची धुलाई, केस वेगळे काढणं, कताई, रंग, विणाई आणि मधल्या दोन-चार व्यापाऱ्यांचा नफा, हे सगळं दीड हजारात बसवून दाखवणारा माणूस व्यापारी नव्हे, जादूगार म्हणायचा. त्या किमतीची वस्तू स्वेटर असेल तर कृत्रिम धाग्याचं अ‍ॅक्रिलिक, शाल असेल तर बहुतेक व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. अ‍ॅक्रिलिक घालायला काही हरकत नाही, फक्त ते अ‍ॅक्रिलिकच्या भावानं घ्यावं.

नावांचा घोटाळाही जुनाच. विणकामाच्या दुकानात जाऊन ‘कॅशमिलॉन’ मागायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ते अ‍ॅक्रिलिक सुताचं व्यापारी नाव. शेळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. अंगोरा शेळीच्या केसाला मोहेर म्हणतात, तो लांब, चकचकीत आणि वेगळ्या जातीचा. आणि अंगोरा लोकर म्हणून जी विकतात ती सशाची. विक्रेता हे तिन्ही शब्द एका दमात बोलायला लागला की पुढच्या स्टॉलकडे वळावं.

शाल अंगठीतून ओढून दाखवायचा खेळही तिथेच चालतो. त्यातून शाल पातळ आहे एवढंच कळतं. पातळ व्हिस्कोजही अंगठीतून सळसळत जातं. जाळून बघणं थोडं उपयोगाचं. आतल्या शिवणीतला दोन सेंटीमीटर धागा चिमट्यात धरून पेटवा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर धागा प्राणिज. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. कागदासारखा भुरकन जळला तर व्हिस्कोज. खरं, मेंढीची लोकरही तश्शीच जळते, त्यामुळे लोकर आणि कॅशमियर यांतला फरक काडेपेटीनं कळत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो: कॅशमियरच्या तंतूवरचे खवले पातळ आणि दूरदूर असतात, मेंढीच्या लोकरीचे जाड आणि दाट. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काश्मीर पश्मिन्याला २००८ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं ते हातानं कातलेल्या आणि हातमागावर विणलेल्या कापडासाठी आहे. यंत्रावर विणलेल्या स्वेटरला त्या मानांकनाची खूण चिकटवलेली दिसली तर ती खूणच खोटेपणाचा पुरावा समजावी.

आता खऱ्या मालाकडे. १२ गेजचा, दोन पदरी सुताचा, गोल किंवा व्ही गळ्याचा स्वेटर ही त्यातली प्रमाण वस्तू. १२ गेज म्हणजे विणायच्या यंत्रावर इंचाला १२ सुया. सूत बहुधा २/२८ क्रमांकाचं: एकेरी धागा ग्रॅमला २८ मीटर, असे दोन धागे एकत्र पिळले की ग्रॅमला १४ मीटर. २७० ग्रॅमच्या स्वेटरात पावणेचार किलोमीटर सूत गुंतलेलं असतं. त्यातला प्रत्येक मीटर किती लांबीच्या तंतूंनी बनला आहे, यावर तो स्वेटर दोन वर्षं टिकणार की बारा, हे ठरतं. दुकानात कुणी हे सांगत नाही, आणि बोटांना हे थेट कळतही नाही.

कारण बोटांना कळतो तो मऊपणा, आणि मऊपणा कारखान्यात वाढवता येतो. विणून झालेला स्वेटर साबणाच्या कोमट पाण्यात घोळवतात. त्यात कताईचं तेल निघतं, तंतूंची टोकं वर येतात आणि पृष्ठभागावर लव फुलते. ही घोळवणी बेतानं झाली तर स्वेटर नवा असताना किंचित कोरडा, आवळ लागतो आणि वापरात वर्षागणिक मऊ होत जातो. जास्त घोळवला तर पहिल्याच स्पर्शाला लोण्यासारखा. गिऱ्हाईक स्पर्शावर पैसे टाकतं, म्हणून स्वस्तातले कारखाने आखूड तंतूचं सूत घेतात, जास्त घोळवतात, वर सिलिकॉनचा हात देतात. आखूड तंतूंची टोकं सुटतात, घर्षणानं एकमेकांत गुंततात, गोळे होतात. थोडक्यात, काउंटरवर जो सर्वांत मऊ लागतो तोच बहुधा सर्वांत आधी गोळे धरतो. सिलिकॉन पहिल्या दोन-तीन धुण्यांत निघून जातं आणि स्वेटर एकदम रुक्ष लागायला लागतो. चांगल्या मालाचं उलट होतं.

मग दुकानात तपासायचं काय? तळवा स्वेटरच्या छातीवर थोडा दाब देऊन दहा-बारा वेळा गोल फिरवा. लव सुटून बारीक वळ्या होऊ लागल्या तर घडी घालून परत द्या. नंतर तो उजेडापुढे धरा. ताण न देता टाक्यांमधून ट्यूबलाइट स्पष्ट दिसत असेल तर विणकाम सैल आहे: सूत वाचवायचा सर्वांत सोपा मार्ग टाके ढिले करणं हाच. मग छातीवरचा दहा सेंटीमीटरचा भाग आडवा ताणून तेरा-चौदापर्यंत न्या आणि सोडा. लगेच मूळ जागी आला पाहिजे. लोंबत राहिला तर कोपर आणि खालची पट्टी महिन्याभरात सुटणार. वजन करता आलं तर उत्तम. मध्यम मापाचा पूर्ण बाह्यांचा पुरुषी स्वेटर २०० ग्रॅमच्या खाली भरला तर काहीतरी कमी घातलंय हे नक्की. प्रदर्शनात काटा नसतो, शेजारच्या किराणा दुकानात असतो. मागायला लाजू नये. फक्त पावसाळी हवेत मोजू नका. लोकर हवेतला ओलावा शोषते आणि काटा विक्रेत्याच्या बाजूनं झुकतो.

यानंतर स्वेटर उलटा करून शिवणी बघा. चांगल्या स्वेटरात पुढा, पाठ, बाह्या असे तुकडे हव्या त्या आकारातच विणून घेतात. काखेजवळ टाके कमी केल्याच्या तिरक्या खुणांची रांग दिसते. ती सजावट नाही, कामाची साक्ष आहे. गळ्याची पट्टी एकेका टाक्यात टाका अडकवून जोडलेली असते, जोड सपाट आणि ताणला तरी न तुटणारा. स्वस्त मालात मोठं विणलेलं कापड कात्रीनं कापून ओव्हरलॉक मारलेलं असतं: आत जाड शिवण, आणि तो धागा पॉलिएस्टरचा. दोन वर्षांत स्वेटर मऊ होतो, शिवण तशीच राठ राहते आणि काखेत कापते. मनगटाच्या पट्टीत इलास्टिकचा धागा असेल तर नापसंत करायचं कारण नाही. कॅशमियरला मेरिनोइतकी उसळी नसते, त्यामुळे पट्ट्या लवकर सैल पडतात.

बेळगावच्या हवेला हा स्वेटर जुळतो का? शहर साधारण ७५० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बहुधा १२-१४ अंशांवर असतो, कधी त्याखाली घसरतो, आणि दहा वाजता ऊन चटका देतं. या थंडीला दोन पदरी पातळ स्वेटर बरोबर पुरतो. चार पदरी जाड विणीचा घेतलात तर साडेआठला काढून हातात धरावा लागेल. पण एक उणीव आहे. विणलेल्या कापडातून वारा आरपार जातो. पहाटे स्कूटरवरून चन्नम्मा सर्कलपर्यंत जाताना पाच हजारांचा असो की पंचवीस हजारांचा, नुसता स्वेटर कामाचा नाही. वर पातळ विंडचिटर लागतोच. आणि त्या विंडचिटरचं अस्तर, लॅपटॉपच्या पिशवीचा पट्टा, टेबलावर टेकलेलं कोपर, ही गोळे येण्याची खरी ठिकाणं. अस्तर गुळगुळीत असलेलं जॅकेट घ्या आणि पिशवी खांद्याऐवजी हातात धरा.

पहिल्या पाच-सहा वापरांत थोडे गोळे येणारच, उत्तम मालालाही. ते ओढून तोडू नयेत, सोबत आणखी तंतू बाहेर येतात. स्वेटर सपाट पसरून बारीक दातांच्या फणीनं एकाच दिशेनं हलकेच काढावेत. सुटलेले आखूड तंतू संपले की गोळे थांबतात. आठ-दहा धुण्यांनंतरही पहिल्यासारखेच येत असतील तर सूतच आखूड तंतूचं आहे, तुमच्या धुण्याचा दोष नाही. सलग दोन दिवस एकच स्वेटर घालू नये. एक दिवस विसावला की ताणलेली कोपरं जागेवर येतात.

धुणं अवघड नाही, पण घाई चालत नाही. बादलीत ३० अंशांच्या आतलं पाणी, त्यात चमचाभर साधा शांपू किंवा रिठ्याचं पाणी. नेहमीची धुण्याची पावडर नको. तिच्यातली एन्झाइमं डाग म्हणून प्रथिनं खातात आणि लोकर ही प्रथिनंच आहेत. ब्लीचचं तर नावच काढू नका, त्यात लोकर विरघळते. स्वेटर उलटा करून पाच-सात मिनिटं बुडवा, दाबा, चोळू नका. खळबळायचं पाणीही तेवढंच कोमट हवं. गरम पाणी, घर्षण आणि लगेच थंड पाणी, हे तिन्ही एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि मोठ्याचा स्वेटर शाळकरी पोराला बसेल इतका आटतो. तो नमदा, म्हणजे घट्ट दाबलेल्या लोकरीचा थर, झालेला असतो. परत ताणून येत नाही. पिळू नका. पंच्यात गुंडाळून दाबा, पाणी पंच्यात जाऊ द्या, मग सावलीत खाटेवर किंवा जाळीवर सपाट पसरा. तारेवर टांगलात तर ओल्या सुताच्या वजनानं बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. ‘ड्राय क्लीन ओन्ली’ अशी चिठ्ठी असली तरी हातानं धुतलेलं कॅशमियर जास्त चांगलं राहतं, हे आमचं मत.

खरी परीक्षा थंडीत होत नाही, जूननंतर होते. खानापूर, जांबोटी, चंदगडच्या बाजूला जो पाऊस कोसळतो त्यात कपाटातलं कापडसुद्धा दमट होतं आणि लोकर तर सर्वांत आधी. ओलाव्यानं बुरशी, आणि अंधारात न हलवता ठेवलेल्या घडीत कसर. कसरीची अळी केराटिन (लोकरीतलं प्रथिन) खाते, पण तिला नुसती स्वच्छ लोकर फारशी आवडत नाही. घामाचा, आमटीचा, चहाचा डाग असलेली जागा आधी पोखरते. म्हणून फेब्रुवारीत स्वेटर ठेवून देताना धुऊन, दोन दिवस पूर्ण सुकवूनच ठेवा. जुन्या धुतलेल्या सुती उशीच्या अभ्र्यात घडी घाला, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. हवाबंद प्लास्टिक तेव्हाच, जेव्हा आत किंचितही ओल नाही याची खात्री असेल. नाहीतर तीच पिशवी बुरशीचं घर होते. डांबर गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नयेत आणि त्यांचा वास लोकरीतून हंगामभर जात नाही. कडुलिंबाची पानं आजीच्या काळापासून चालत आली आहेत, पण ओली ठेवलीत तर ती स्वतःच ओलावा आणतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की बाहेर काढा, झटका, सावलीत तासभर वारा लागू द्या. नुसत्या या हलवण्यानं निम्मी कसर टळते. भोकं दिसलीच तर स्वेटर बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. घरच्या फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा तेवढा थंड नसतो. आईस्क्रीमवाल्याची ओळख इथे कामी येते.

दुसरी वस्तू, मिश्रण. यावर आमचं मत सरळ आहे: सीमाभागातल्या बहुतेक घरांना पुरी कॅशमियर लागतच नाही. बारीक मेरिनो १८-१९ मायक्रॉनची मिळते, तिला उसळी जास्त, पट्ट्या घट्ट राहतात, गोळे कमी. तिच्यात ३० टक्के कॅशमियर असेल तर हाताला फरक जाणवतो. ५ किंवा १० टक्के असेल तर तो फक्त चिठ्ठीवर जाणवतो. म्हणून ‘कॅशमियर ब्लेंड’ एवढंच लिहिलेलं घेऊ नका, टक्के छापलेले हवेत. आणि उरलेला भाग काय आहे तेही वाचा; ‘३० टक्के कॅशमियर, ७० टक्के नायलॉन-व्हिस्कोज’ या जोडीत तंतू गोळे धरतात आणि नायलॉन ते गोळे सुटू देत नाही, दोन्हीकडून तोटा.

सेवेबद्दल बोलायचं तर प्रदर्शनांना फार गुण देता येत नाहीत. पक्कं बिल मागितलं की चेहरे बदलतात, बिलावर ‘वुलन आयटम’ एवढंच लिहितात. बिलावर धाग्याचं नाव आणि टक्के लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर उत्तर मिळालंच. प्रदर्शन उठल्यावर परत करायला पत्ता राहत नाही. गावातल्या कायमच्या दुकानात भाव थोडा जास्त पडतो, पण दुकान मार्चमध्येही तिथेच असतं. तिबेटी स्टॉलवाल्यांबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी: त्यांच्याकडे बहुतेक लुधियानाचा अ‍ॅक्रिलिक-लोकर मालच असतो, आणि विचारलं तर ते तसंच सांगतात.

या स्वेटरांच्या निमित्तानं एक प्रश्न हटकून येतो, विशेषतः अथणी, चिकोडी, रायबागकडच्या शेळीपालकांकडून: ही शेळी आपल्याकडे पाळली तर? कुणी ‘कॅशमियर शेळी’ची जोडी देऊ करत असेल तर पैसे खिशातच ठेवा. आपली उस्मानाबादी शेळीही थोडी लव धरते, पण ती विंचरून काढण्याइतकी नसते. ती मटणासाठी आणि दुधासाठी पाळायची जात आहे. चांगथांगी आणली तरी लव कमी पडेल, आणि कारण फक्त उकाडा नाही. लव वाढायला लागते ती दिवस लहान होऊ लागले की. लेहला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत साधारण साडेचार तासांचं अंतर. बेळगावात दोन तासांच्या आत. शेळीच्या अंगाला हिवाळा आल्याचा निरोपच अर्धवट पोचतो. त्यात चार महिन्यांचा पाऊस: कोरड्या थंडीत राहणाऱ्या जनावराचं अंग भिजून राहिलं की खोकला, न्यूमोनिया, खुरांत कुज. या भागाची लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची, काळी, राठ, वर्षातून दोनदा कातरलेली. तिच्यापासून चिंचोक्याची खळ दिलेल्या ताण्यावर घोंगडी होते, गळ्याशी घालायचा स्वेटर नव्हे. पण खानापूरच्या पावसात डोक्यावरून खोळ घ्यायची असेल तर पंचवीस हजारांचा स्वेटर तिच्यापुढे पाणी भरतो, अक्षरशः.

शेवटची एक मागणी दुकानदाराकडे जरूर करा: त्याच रंगाच्या सुताची चार-पाच मीटरची गुंडी. चांगल्या स्वेटरासोबत ती लहान पाकिटात येते, नसेल तर खालच्या शिवणीत लोंबणारं टोक तरी कापू नका. कसरीचं भोक एका टाक्याएवढं असतानाच रफूवाल्याकडे न्या आणि तेच सूत द्या. दोन आठवडे थांबलात तर टाका सुटत खाली उतरतो आणि मग रफू नाही, तिथे ठिगळ लागतं.